बिनतेलाची पोर

आधी सुमनकाकूंचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. सानवीचे पप्पा म्हणाले, आधी आजाराचं नाव लिही, लोकांना कळायला पाहिजे. मी म्हटलं, आजाराचं नाव नंतर. काकूंचं आधी.

सुमनकाकू आमच्या घरमालकीण. खाली त्या एकट्या राहतात, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. मकरपुऱ्याच्या कारखान्यांपासून घर जवळ, म्हणून ह्यांनी ती जागा धरली. काकूंच्या घरातले जुने लोक बडोद्याच्या सरकारच्या फौजेत होते, तेव्हापासून ते इथलेच. घरात मराठी बोलतात, पण बोलता बोलता गुजराती कधी सुरू होते ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. मी वाशीमकडची, आठवी शिकलेली. माहेर एवढं लांब की आई यायची म्हटलं तरी दोन गाड्या बदलाव्या लागतात. लिहायची मला सवय नाही. पण ज्या बाईच्या बाळाला हे होईल तिला त्या दिवशी कोणीच भेटत नाही. मला भेटलं नव्हतं. म्हणून लिहिते.

थंड गादी

सानवी जन्मली तेव्हा रडली नाही. बाळंतपण अडलं होतं. मी कान लावून पडले होते आणि खोलीत नुसता भांड्यांचा आवाज. मग कोणीतरी तिला कपड्यात गुंडाळून पळत नेलं. मोठ्या दवाखान्यात लहान बाळांच्या विभागात नेलं एवढंच कळलं.

मला तिथं नेलं तेव्हा काचेतून बघितलं. आमच्याकडे बाळ जन्मलं की सगळी ऊबच ऊब. शेक, शेगडी, ओव्याची धुरी, कानाला टोपरं, वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू द्यायची नाही. आणि माझी लेक उघडी, नळ्या लावलेली, थंड पाणी खेळवलेल्या गादीवर. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "मॅडम, उसको ठंड लग रही है."

त्या म्हणाल्या, "हां, लगनी ही चाहिए."

जन्मताना हवा कमी पडली, आता मेंदूला आराम द्यायचा तर अंग थंड ठेवायचं, असं त्यांनी समजावलं. मला पटलं नाही, पण मी ऐकलं. तिथं बाळाला नाव नसतं, आईच्या नावानं हाक मारतात. वॉचमन दारातून ओरडायचा, "वैशालीबेननुं बेबी." मी पदर सावरत धावायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, हिरवा गाऊन चढवायचे, वाटीत दूध काढून द्यायचे आणि परत बाकावर येऊन बसायचे. असं चाललं होतं. थंडीतून ती निघाली. डोळे उघडले. दूध ओढायला लागली. मला वाटलं, सुटलो.

पाठ

घरी सोडायच्या आदल्या दिवशी सिस्टर तिचं अंग पुसत होती. तिला पालथं केलं आणि सिस्टरचा हात थांबला. मी बघितलं. पाठीवर, खांद्यांवर, थोडं दंडावर लालजांभळे चट्टे, आणि हात लावला तर आत कडक. भाकरी वाळल्यावर होते तशी कडक. आणि हात लावला की सानवी कळवळायची.

डॉक्टर आले, आणखी डॉक्टर आले, सगळे इंग्रजीत बोलायला लागले. माझ्या लेकीच्या पाठीवर बोट ठेवून बोलतात आणि माझ्याकडे कोणी बघत नाही. मी म्हटलं, "मुझे हिंदी में बताइए. आठवी तक पढ़ी हूं, बहरी नहीं हूं."

एक शिकाऊ डॉक्टर हसला. मोठ्या डॉक्टरबाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. कागदावर नाव लिहून दिलं. सबक्युटेनियस फॅट नेक्रोसिस. मला ते अजून एका दमात म्हणता येत नाही. त्यांनी सांगितलेलं मात्र पाठ आहे. जन्मताना झालेला त्रास आणि मग थंडी, त्यात कातडीखालची चरबी गोठून तिच्या गाठी होतात. हिवाळ्यात डालडा गोठतो तसं समजा, म्हणाल्या. क्वचित कुणाला होतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कोणी मारल्यानं किंवा पाडल्यानं नाही. आईच्या खाण्यानं नाही. गाठी हळूहळू आपोआप विरतात.

मी श्वास सोडला तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अब असली बात सुनो."

असली बात अशी की गाठी विरताना रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. आज नाही, काही आठवड्यांनी. वाढलं तर मूत्रपिंडाला, जिवाला धोका. म्हणून रक्त तपासायला ठरल्या दिवशी यायचंच. सगळ्या बाळांना देतात ते डी जीवनसत्त्वाचे थेंब हिला द्यायचे नाहीत. ऊन दाखवायचं नाही. मालिश नाही, शेक नाही. "और अगर बच्ची बहुत शांत हो जाए, दूध छोड़ दे, तो सोचना मत, ले आना."

शांत झाली तर आणा. हे वाक्य मी मनात गाठ मारून ठेवलं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "ग्रहणात काही चिरलंबिरलं होतंस का गं?"

मी म्हटलं, "नाही. ग्रहणात मी झोपले होते. आणि भोपळा जरी चिरला असता ना आई, तरी तो पाठीवर उगवला नसता."

फोन ठेवला. पण बोलून झालं होतं.

दारातली गोष्ट

आमच्या सोसायटीतलं कुठलंही बाळ सुमनकाकूंच्या हाताखालून गेल्याशिवाय मोठं होत नाही. पैसे घेत नाहीत, हौस म्हणून करतात. पाय लांब पसरून त्यावर बाळ आडवं घालतात आणि असं चोळतात की बाळ रडता रडता झोपतं. आम्ही घरी आलो त्या दिवशीच त्या कोमट तेलाची तांब्याची वाटी घेऊन जिना चढून आल्या.

"लाव गं पाणी तापत. चाल, आण बेबीला इकडे."

"काकू, तेल नाही लावायचं. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"डॉक्टर तो कहेशे, ते बोलणारच. डॉक्टरांच्या पोरांना पण मीच चोळलीय. सरक."

मी सरकले नाही. दाराच्या चौकटीवर हात आडवा ठेवला. टाके ओढत होते. घर त्यांचं, दार त्यांचं, चौकट त्यांची. उद्या म्हणाल्या खोली खाली करा, तर ह्या शहरात माझं कोण होतं? तरी मी म्हणाले, "काकू, घर तुमचं आहे. लेक माझी आहे. तिच्या पाठीला कोणी हात लावणार नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं आणि खाली निघून गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. मी दार लावून मागे बसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जिन्यावर पाय वाजले. ह्या वेळी हातात वाटी नव्हती.

"हात नाही लावत. बघू दे फक्त."

मी दुपटं बाजूला केलं. त्या वाकल्या. एकेक चट्टा नीट बघितला.

"दुखतं हिला?"

"दुखतं काकू."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, जसं देवळात मुलांना सांगतो, कशाला हात लावू नको. मग खाली बैठक मारली. "बोल. डॉक्टरबेन काय काय बोलल्या? पहिल्यापासून बोल. एक वात, एक गोष्ट पण सोडू नको."

मी सांगितलं. त्यांनी मला ते परत म्हणून दाखवलं आणि कुठं चुकलं तर सांग म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर पहारा बसला.

पहारा

काकू पायरीवर बसून तुवेर, म्हणजे तुरीच्या शेंगा, सोलायच्या आणि येणाऱ्याला तिथंच अडवायच्या. बाळ बघायचं? लांबून. हात धुवून. उचलायचं नाही. ऊन का नाही दाखवत? डॉक्टर ना पाडे छे, नाही म्हणतात. मालिश का नाही? ते पण ना पाडे छे. मग काय बाळ असंच कोरडं वाढवणार?

समोरच्या भाभीनं नाव पाडलं, बिनतेलाची पोर. सगळीकडे पसरलं. एकीनं तर मला ऐकू जाईल असं म्हटलं की हातातून पडली असेल, सांगत नाहीत.

काकू तुवेरीवरून मान न उचलता म्हणाल्या, "तुझी जीभ का नाही पडत कधी?"

आणि भाभीला म्हणाल्या, "तेलातून तर भजी पण निघतात बेन. म्हणून ती काय निशाळे जातात, शाळेत?"

मी वर खिडकीचा पडदा ओढून अंधारात बसलेली, आणि मला हसू आलं. घरी आल्यापासूनचं पहिलं.

मला सगळ्यात राग कशाचा यायचा सांगू? लोक वाईट नव्हते. प्रत्येकजण मला माझ्या लेकीच्या भल्याचंच सांगत होता. त्या भल्याला नाही म्हणता म्हणता मी दिवसभर भांडखोर बाई झाले. झाले तर झाले. भांडखोर आईची लेक जगली तर मला चालणार होतं.

आई

मग माझी आई आली. तिला बघून मी पहिल्यांदा पोटभर जेवले. तिला सगळं समजावलं, तिनं मान हलवली. "बरं माय. डॉक्टर म्हणते तसं."

काही दिवस बरे गेले. रक्ताचा रिपोर्टही ठीक आला. गाठी जराशा मऊ लागत होत्या. आणि सानवी शांत झाली. आधी प्यायला उठवावं लागत नव्हतं, आता गालाला टिचकी मारूनही ओढेना. रडणं कमी झालं. शी होईना. आई म्हणायची, "गुणाची लेक हाय. निजू दे." हे दुसऱ्या पाळीवरून दमून यायचे, म्हणायचे, "शांत आहे, झोपू दे, तू उगाच घाबरतेस." समोरची भाभी पायरीवरूनच डोकावून म्हणाली, "केटली डाही छे." किती शहाणी आहे.

सगळे कौतुक करत होते आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. मी घाबरट आहेच. रात्री कडी दोनदा तपासते, गॅस तीनदा. म्हणून माझं कोणी ऐकत नव्हतं. मलाच वाटायला लागलं होतं की हा माझा स्वभाव.

दुपारची वेळ. हे कामावर. मी सानवीला उचललं आणि खाली गेले. काकू डाळीला फोडणी देत होत्या.

"काकू, ही शांत झालीये."

त्यांनी सानवीकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरबेननं काय सांगितलं होतं?"

"शांत झाली तर आणा."

"मग झाली ना शांत?" त्यांनी गॅस बंद केला. "चाल. रिक्षा बोलावते."

"पण सगळे म्हणतात…"

"सगळे तिची आई आहेत का?"

एवढंच. त्यांनी मला विचारलं नाही की खात्री आहे का, ह्यांना फोन केलास का. मी म्हटलं आणि त्यांनी चप्पल घातली.

रिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती. विश्वामित्रीचा पूल आला तशी ती एकदम रडायला लागली. "म्या उन्हात नेलं व माय तिले. तू आंघोळीले गेली की गच्चीवर. रोज. जरासं तेल बी लावलं, हलक्या हातानं. लेकराले ऊन नाही त हाडं कशी धरतीन, मले वाटे."

मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं आणि तिच्या कुशीत शिरावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

पुढून काकू वळल्या. ड्रायव्हरशेजारच्या फळीवर कशाबशा बसल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, हे सगळं डॉक्टरबेनला सांगायचं. असंच्या असं. रडायचं नंतर, आपण दोघी मिळून रडू."

आकडा

कॅल्शियम वाढलं होतं. पुष्कळ. सानवीला परत आत घेतलं, सलाईन लावलं, औषधं सुरू केली, माझं दूध मोजून आणि बाकी खास पावडरचं. आईनं हात जोडून डॉक्टरबाईंना उन्हाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बताया अच्छा किया. धूप से फर्क पड़ा होगा, शायद नहीं भी. ये बीमारी ऐसे भी बढ़ाती है." म्हणजे आम्हाला कधीच कळणार नाही. तेही सोसावं लागतं, कोणी सांगत नाही.

हे कंपनीतून तसेच आले, हाताला काळं ग्रीस. आईवर आवाज चढवला, "तुम्हाला बजावून सांगितलं होतं ना?"

मी त्या बाकांच्या ओळीत सगळ्यांसमोर उभी राहिले. "आईला ज्यानं बोलायचं त्यानं आधी माझं ऐकलेलं असावं. मी चार वेळा म्हटलं ही शांत झालीये. तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी हाताचं ग्रीस पँटला पुसलं. मग आईच्या शेजारी जाऊन बसले. माफी वगैरे मागितली नाही, आपल्या हातातली पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली. आमच्याकडे तीच माफी.

पुढचे दिवस म्हणजे रोज सकाळी एक आकडा. मला आकड्यातलं कळत नव्हतं, मी डॉक्टरबाईंच्या भुवया वाचायला शिकले. शेजारच्या बाकावर करजणची एक बाई होती, तिचं बाळ वेळेआधी झालेलं. ती मला थेपला द्यायची आणि म्हणायची, "खा, रोने के लिए भी ताकत लगती है." काकू रोज मकरपुऱ्याहून डबा आणायच्या, दोन बसा बदलून. आईला घरी एकटी सोडायच्या नाहीत. तिला म्हणायच्या, चला आजी, तुमच्या हातची चटणी शिकवा, माझ्या बडोद्याच्या जिभेला तुमचं तिखट चढतं का बघू.

तिथं बसून मी ठरवलं. ही जगली तर जगली आणि नाही तर नाही, असं लोक म्हणतात ते मी म्हणणार नाही. देवाची मर्जी म्हणणार नाही. मी देवाला पण म्हटलं, तुझी मर्जी तुझ्याकडे ठेव, मला माझी लेक पाहिजे.

रक्त काढताना सानवी आधी नुसती कण्हायची, मांजराच्या पिलासारखी. एका सकाळी आतून असा आवाज आला की बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. एखाद्या मोठ्या पोराचा असावा असा संतापलेला टाहो. वॉचमन दार उघडून म्हणाला, "वैशालीबेन, तमारी बेबी जागी गई."

मी हिरवा गाऊन उलटा घालून धावले. ती लाल झालेली, मुठी वळलेल्या, सिस्टरला लाथा मारत होती. सिस्टर म्हणाली, "देखो, कितना गुस्सा." मी म्हटलं, "मेरी है."

आता

गाठी विरायला काही महिने लागले. घरात पडदे, रक्त तपासायच्या फेऱ्या, मूत्रपिंडाची सोनोग्राफी. ते ठीक निघालं. आता सानवी बालवाडीत जाते. डाव्या खांद्यामागे छोटा खळगा राहिलाय. बघणाऱ्यानं बघावा. मी तिला झाकून फ्रॉक घालत नाही.

वाचणाऱ्या आईला एकच सांगते. ऊन वाईट नाही, तेल वाईट नाही, थेंब वाईट नाहीत. तुझ्या बाळाला चालतं का ते त्याच्या डॉक्टरांना विचार, शेजारणीला नको आणि मलाही नको. आणि बाळ बदललंय असं तुला वाटलं तर जा. घाबरट म्हणतील. म्हणू दे.

काकू अजून मालिश करतात. फक्त वाटी उचलायच्या आधी आता विचारतात, "डॉक्टर शुं कहे छे?" डॉक्टरबाईंनी परवानगी दिली तेव्हा मी स्वतः तेल कोमट करून सानवीला खाली घेऊन गेले होते. काकू पाय पसरून बसल्या, तिला आडवं घातलं. पण आमची बाई तोवर रांगायला लागलेली. तिनं वाटीला लाथ मारली, तेल सगळं काकूंच्या साडीवर. काकू म्हणाल्या, "हिला काय चोळायचं, ही मला चोळेल," आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

काकूंचा मुलगा परदेशात आहे. त्यांचे गुडघे आता धरतात. जिना चढून येत नाहीत, खालूनच हाक मारतात. एक दिवस त्यांना पलंगावरून उठवणार नाही. तो दिवस लांब असो. पण त्या दिवशी मी तीच तांब्याची वाटी कोमट करून त्यांच्या पायाशी बसेन. त्या म्हणतील, नको गं, तू कशाला. पलंगावरूनच हातसुद्धा आडवा धरतील. मला माहीत आहे त्या कशा आहेत.

मी म्हणेन, "काकू, घर तुमचं आहे. सरका."